सगळ्या नोंदी सुखरूप

डॉक्टरांचे चार दवाखाने होते आणि प्रत्येक ठिकाणच्या पेशंटच्या नोंदींचा बॅकअप रोज दुसऱ्या शाखेत जात असे.

"सर, एकदा अर्धा दिवस दवाखाने बंद ठेवा. त्या नोंदी खरंच परत येतात का, ते तपासू या," दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इंजिनिअर बाई सारख्या मागे लागायच्या.

"अहो, रोज 'बॅकअप यशस्वी' असा मेसेज येतो ना? उगाच विकतचं दुखणं कशाला?" डॉक्टर हसून उडवून लावायचे.

एका सकाळी मुख्य दवाखान्यातला सर्व्हर जळाला, तेव्हा बाईंनी बॅकअप उघडला. पेशंटची नावं सगळी होती, आत मात्र एक अक्षरही नव्हतं.

त्याच सकाळी तापाने फणफणलेल्या एका आजींना व्हीलचेअरवरून आत आणलं. इंजेक्शन तातडीने द्यायला हवं होतं, पण मागे एका इंजेक्शनने त्यांचा श्वासच अडकला होता. ते कोणतं, हे डॉक्टरांना काही केल्या आठवेना.

"कुठलं औषध सोसत नाही, काही आठवतंय का?" त्यांनी वाकून विचारलं.

"मला मेलीला कुठलं आठवायला! माझ्या मुलाला विचारा. तोही डॉक्टरच आहे, त्याला माझं सगळं पाठ असतं."



"आई, अगं… मीच तो," डॉक्टर कसेबसे म्हणाले.