मुकुटाचा कागद

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्ती गुंडाळायच्या रद्दीत किमयाला एक इंग्रजी कादंबरी गावली. शाळा सोडलेली पोरगी, पण मोबाईलात अर्थ बघत बघत वाचायची. माणसाला खिडकीतून ढकलायला ‘डिफेनेस्ट्रेट’ असा अख्खा शब्द हाय, हे कळलं त्या दिवशी तिला जेवणच गोड लागलं. शेवटचं एक पान उरलं, तर तिच्यासोबत मूर्ती बांधणाऱ्या विशालनं तेच फाडून रोह्याच्या गणपतीच्या मुकुटाला गुंडाळलं आणि टेम्पो गेलासुद्धा! त्याचा उद्धार करत तिनं रोह्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

“काकू, मुकुटाचा कागद टाकू नका हां. खुनी कोन, ते त्यात हाय.”

“व्हय, वाचलं मी. सांगू?”

“अजिबात नको! मीच येते.”

“ये गो. पन आधीची पानं घेऊन ये. मारलं कोनी ते कळलं, मेलं कोन ते कळंना.”