दरीकडची बाजू

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या लाल कातळातून वर चढणाऱ्या त्या कच्च्या रस्त्यावर ऑर्व्हल जन्मभर ट्रक चालवत आले होते. आज मागे गुरांसाठी मिठाचे ठोकळे होते आणि शेजारी, उजवीकडच्या सीटवर, मुलगी जॅनेल, दरी दिसायला नको म्हणून डोळे मिटून बसलेली. अर्ध्या कड्यावर, जिथे एकच गाडी जेमतेम मावते, तिथे त्यांनी ब्रेक दाबला.

"काय झालं, बाबा?"

"उजव्या डोळ्याने काही दिसत नाहीये. तुझ्या बाजूची कड कुठे संपते, ते कळत नाही."

"कधीपासून हे?"

"उन्हाळ्यापासून. बोलायचं ते वर गेल्यावर बोल. आता इकडे सरक आणि गाडी घे."

"मी? मला शिडीवर चढलं तरी चक्कर येते!"

"मग दरीकडे बघूच नकोस. माझ्या पाठीकडे बघ."

ते उतरले आणि डाव्या हाताने कातळ चाचपत पुढे चालू लागले. जॅनेल रडत, देवाचं नाव घेत, त्यांच्या विटक्या शर्टावर नजर रोवून ट्रक हळूहळू नेत राहिली. रस्ता रुंद झाला, तरी तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. ऑर्व्हल दुसऱ्या दाराने येऊन तिच्या शेजारी बसले. ती काही बोलणार, तोच त्यांनी मान पूर्ण वळवून चांगल्या डोळ्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

"अगं, इथून खाली नदी दिसते," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझी नजर रस्त्यावरून हललीच नाही."