साक्षर अळ्या

“तुमचा विश्वास बसणार नाही बाई, कुणाचाच बसत नाही, पण आमच्या शेतातल्या अळ्यांना वाचता येतं,” म्हातारा म्हणाला.

तपासनीस बाईंनी मान वर केली नाही. भाजी निवडायच्या शेडमधल्या लांब टेबलावर तीन कोबीचे गड्डे होते. सकाळी अख्खं शेत पायाखाली घालून त्यांनी स्वतःच्या हाताने ते तोडून आणले होते. आता भिंगातून एकेक पान बघणं चाललं होतं. पानं स्वच्छ होती. जरा जास्तच स्वच्छ होती.

“एक भोक नाही,” त्या म्हणाल्या. “औषध मारल्याशिवाय असा कोबी मी अजून पाहिलेला नाही.”

टेबलापलीकडे उभी असलेली म्हाताऱ्याची सून त्या पानांकडे बघत राहिली. सात वर्षांत औषधाची एक बाटली फाटकातून आत आली नव्हती. मागे भिंतीशी उद्याच्या चाळीस टोपल्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर तिने स्वतः लिहिलेली चिठ्ठी होती : ‘विनाफवारणी’. बाईंनी हातातल्या कागदावर ‘संशयास्पद’ एवढा एक शब्द टाकला, की प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत महिनाभर ती चिठ्ठी लावायची नाही. आणि मनात शंका घेऊन गेलेलं गिऱ्हाईक महिन्याने परत येतं होय?

“वाचता येतं म्हणजे?” बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं. तो खोकं ओढून बसला. “कडेची मोहरीची ओळ बघितलीत ना? ती त्यांची. त्यांनी तिथे जेवायचं, कोबीकडे यायचं नाही. मध्ये मी तशी पाटीच लावलीय. रोज सकाळी रांगेने येतात, पाटी वाचतात आणि गुपचूप मागे फिरतात.”

“सगळ्यांना येतं वाचता?”

“छे हो! एकीला येतं. ती पुढे असते.”

बाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. पेन मात्र कागदावरून हललं नाही.

“अहो, पुरे करा!” त्याची म्हातारी पुढे झाली. “मॅडम, यांचं सोडा. माझंच डोकं फिरलं होतं. तुम्ही येणार म्हणून काल दिवसभर आम्ही दोघींनी अळ्या वेचल्या. भोकाची पानं खुडली, उरलेली ओल्या फडक्याने पुसली. ही नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. पाहुणे यायचे असले की आपण घर आवरतो ना, तसं.”

“वेचलेल्या अळ्या कुठे आहेत?”

म्हातारी अडखळली. “कोंबड्यांना घातल्या.”

“म्हणजे साक्षीदार खाऊनच टाकले.”

“त्यातल्या तांबड्या कोंबडीला तर कालपासून...” म्हाताऱ्याने सुरुवात केली.

“बाबा!” सून म्हणाली.

बाईंनी भिंग मिटलं. “आजी, तुम्ही खरं सांगत असाल. मोहरीवरच्या अळ्याही मी पाहिल्या. पण मोहरी सोडून नुसत्या कोबीवर मारणारेही असतात, आणि तेही मला हेच सांगतात. सुरी द्या.”

पहिला गड्डा चिरला. आत पांढराशुभ्र. बाईंनी थर न् थर सोडवून पाहिला आणि बाजूला सारला.

“बघा, आहे का एक तरी?” म्हातारा छाती काढून म्हणाला. “पैज लावा.”

“बाबा, हात जोडते,” सून पुटपुटली. “आजच्या दिवस तुमचं खोटं ठरू दे.”

दुसराही तसाच. म्हातारीने टेबलाची कड घट्ट धरली. जन्मभर जिच्या नावाने बोटं मोडली, त्या अळीची ती आयुष्यात पहिल्यांदाच वाट बघत होती.

तिसऱ्या गड्ड्यात सुरी शिरली. दोन्ही फाका उघडल्या. पांढऱ्याच. सुनेने डोळे मिटले.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

एका फाकेत, देठाजवळ, काळ्या बारीक लेंड्यांची रांग होती. रांग एका बोगद्यात शिरत होती. बाईंनी सुरीच्या टोकाने पान उचललं, आणि बोगद्यातून एक हिरवीगार, गुबगुबीत अळी डोकं वर काढून इकडेतिकडे बघू लागली. झोपमोड केल्याचा राग यावा तशी.

“आली गं माझी बाई!” म्हातारी ओरडली. लेक सासरहून आली तेव्हाही ती इतकी ओरडली नव्हती.

सुनेला हसू आलं आणि हसता हसता ती पालथ्या खोक्यावर मटकन बसली. बाईंनी कागदावर सही ठोकली, शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत अळीला बोटावर घेतलं.

शेडमध्ये एकट्या म्हाताऱ्याचंच तोंड पडलं होतं. तो वाकून अळीकडे रोखून बघत राहिला.

“ही शाळा बुडवणारी दिसतेय,” शेवटी तो म्हणाला. “नाहीतर पाटी वाचून मागे फिरली असती.”

“आजोबा,” अळीला अलगद त्याच्या तळहातावर सोडत बाई म्हणाल्या, “सकाळी मी अख्खं शेत फिरले. तिथे पाटीच नाहीये. बिचारी वाचणार काय?”