समोरचा हात

पनवेलच्या बाजारात मासळी विकणाऱ्या शांतीची पन्नाशीत कंबर धरली, तेव्हा मुलीने तिला मोबाईलवर व्यायामाचा एक तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ लावून दिला. वजन म्हणून शांतीने मासळीच्या पाटीत तांदूळ भरले.

ही पाटी डोक्यावर चढवायला समोरून हात लावायचा तिचा नवरा धर्मराज. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

चौथ्या दिवशी उचलताना पाटी गुडघ्यापर्यंत आली आणि एकदम हलकी झाली. मग रोजच तसं व्हायला लागलं.

आज व्हिडिओतले मास्तर मोजता मोजता थांबले. "ताई, वजन एकटीने उचलायचं. समोरच्यांना हात सोडायला सांगा."

शांतीने पायानेच मोबाईल पालथा केला.

"आयकू नका त्याचं," ती म्हणाली. "सोडू नका."

पाटी हळूहळू जड होऊ लागली.