कट्ट्यावरची पेन्सिलीची रेघ

"सर, थांबा थांबा. हे उलटं झालंय की ओ."

शरदरावांनी जिगसॉ करवतीचं बटण सोडलं. मशीन गुरगुरून गप्प झालं. कट्ट्यापलीकडं वाकलेल्या भरमा मेस्त्रीनं चष्मा कपाळावर चढवला आणि फळीवरच्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं.

फळी साधी नव्हती. खानापूरकडच्या जुन्या सागवानाची, अखंड, कुठं गाठ नाही की चीर नाही. सगळी टिळकवाडी ग्रॅनाइटवर कांदा चिरत असताना आपल्या स्वयंपाकघरात लाकडी कट्टा असावा, असं शरदरावांनी निवृत्त झाल्यावर एका व्हिडिओत बघून ठरवलं होतं. व्हिडिओतला माणूस फिनलंडचा होता. त्याच्या घरात फोडणी होत नव्हती, ही गोष्ट शरदरावांच्या नजरेतून सुटली. फळी शोधत ते महिनोन् महिने वखारी हिंडले. तशी दुसरी आता मिळणार नव्हती. त्यामुळं सिंकचं भोक एकदा चुकलं की चुकलं. म्हणूनच शरदराव ते स्वतः पाडणार होते.

नवल एवढंच, की पद्मजाबाईंनी विरोध केला नाही. शरदरावांनी मुद्दे काढून ठेवले होते. कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेला माणूस; श्रमविभागणी हा त्यांचा हातखंडा विषय. घरीही त्यांनी ती लागू केली होती. विचार त्यांचे, बाकीचं पद्मजाबाईंचं. पण मुद्दे तसेच राहिले.

"चालेल की," पद्मजाबाई म्हणाल्या होत्या. "फक्त लाकूड ओलं राहिलं की काळं पडतं म्हणे. भांडं धुतलं की लगेच पुसायला लागेल."

"लागेलच! प्रत्येक वेळी! पुसायचीही पद्धत असते."

"तुम्हालाच कळतं त्यातलं."

इतक्या वर्षांत हे वाक्य शरदरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते दोन दिवस गुणगुणत फिरले.

मग पद्मजाबाईंनी कट्ट्यात चक्क रस घेतला. भरमाला सांगून उंची चार बोटं वाढवून घेतली. आता कट्टा त्यांच्या बरगड्यांना लागत होता, पण त्या म्हणाल्या, असू दे. सिंक खिडकीखाली घ्यायला लावलं, तिथून कोपऱ्यावरचं चहाचं दुकान आणि तिथं बसणारी शरदरावांची मित्रमंडळी दिसत. सिंकबरोबर आलेला कागदी साचा त्यांनीच फळीवर ठेवला आणि शाळेला जाता जाता पेन्सिल फिरवली. त्यांची नोकरी अजून शिल्लक होती. धुणंभांडी करणारी जयाबाई लेकीकडं सदलग्याला कायमची गेली, तरी त्यांनी नव्या बाईचं नाव काढलं नाही. बायकोला उशिरा का होईना सौंदर्यदृष्टी आली, या निष्कर्षाला शरदराव पोचले होते.

"उलटं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"हे बघा. घासलेली भांडी निथळायची जागा उजवीकडं आलीया. वैनी घासणार उजव्या हातानं, भांडं ठेवणार डावीकडं. मग ती जागा डावीकडं पायजे. कागद उलटा पडला असंल. अजून कापलं न्हाय, दुसरी रेघ मारूया."

शरदरावांना हे नवीन होतं. भांडं घासून झाल्यावर कुठंतरी ठेवावं लागतं, इथपर्यंत त्यांचा विचार कधी पोचलाच नव्हता. त्यांनी बाहेरच्या खोलीकडं तोंड करून हाक दिली, "अगं पद्मा! साचा नीट ठेवला होतास ना? मेस्त्री उलटा म्हणतायत!"

बाहेर पेपर तपासणं थांबलं नाही. "बरोबर आहे. कापा."

"ऐकलंत?" शरदराव म्हणाले. घरातल्या माणसाच्या मताला किंमत द्यावी, असं त्यांना अधूनमधून वाटे. आज वाटलं. त्यांनी मशीन पुन्हा डाव्या हातात घेतलं, तसा भरमा एक पाऊल मागं सरकला. लहानपणी आईनं ठोकून ठोकून त्यांचं जेवण आणि लिहिणं तेवढं उजव्या हातावर आणलं होतं. बाकी सगळं डाव्यावरच राहिलं.

पातं रेघेवरून फिरलं. भुसा उडाला, सागवानाचा वास घरभर झाला. शेवटच्या कोपऱ्यात शरदरावांनी श्वास रोखला आणि मधला तुकडा अलगद भरमाच्या हातांत उतरला. सिंक भोकात ठेवलं. माप असं बसलं, की भरमानंसुद्धा, "लई झ्याक," म्हटलं.

पद्मजाबाई लाल पेन कानाला लावून आत आल्या. त्यांनी सिंकच्या कडेवरून बोट फिरवलं. खाली वाकून कट्ट्याच्या खालूनही बघितलं.

"आता काही बदलता यायचं नाही ना?"

"अजिबात नाही!" शरदराव अभिमानानं म्हणाले.

भरमाला मात्र राहवेना. "वैनी, रागावू नगासा. पण हितं उभारून भांडी घासायची म्हणजे तुमची तारांबळ हुणार. उंची बी जास्त, जागा बी उलटी."

"माझी कशाला होईल?" पद्मजाबाईंनी कोपऱ्यातली नवी घासणी उचलून शरदरावांच्या डाव्या हातात दिली. "माप सरांचं घेतलंय."