उलाळ

ट्रकच्या मागचा लोखंडी गोळा एक. त्यावर बसलेली ट्रेलरची कडी एक. कडीतली पिन एक. साखळ्या दोन. दिव्यांची वायर एक, तिच्यात रंगीत तारा चार. नट सहा. वीणाने दोनदा मोजले. सगळे जागेवर होते आणि एकही सैल नव्हता.

"सगळं आहे," ती उठत म्हणाली.

"दिसायला आहे," गिरीश म्हणाला. "त्या टोपीवाल्याने काहीतरी केलंय. सकाळी पंपावर मी पैसे द्यायला आत गेलो, परत येतो तर हा इथेच वाकलेला. ट्रेलरचा दांडा धरून हलवत होता, यार! 'वेट, वेट' म्हणाला. मी कशाला थांबतो?"

१९८५चा जून होता. युटाहमधल्या त्या रेस्ट एरियात दुसरी गाडी नव्हती. पिकअप ट्रक, त्याच्या पाठीवर चढवलेली निजायची खोली म्हणजे कॅम्पर, आणि मागच्या ट्रेलरवर वाळूत हिंडवायची तीनचाकी, हे सगळं गिरीशच्या ऑफिसातल्या मित्राने पंधरा दिवसांसाठी दिलं होतं. ओहायोतल्या डब्लिनपासून इथवर, मधली पाच राज्यं ओलांडून, ट्रेलर मुकाट मागे आला होता. सकाळच्या पंपानंतर मात्र तो डोलायला लागला. एका उतारावर तर शेजारच्या लेनमध्येच गेला. मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा वीणाच्या कानात अजून वाजत होता.

आणि पुढे सात मैलांचा उतार होता. एका बाजूला दरी.

"पंपावर आपण काय काय केलं?" वीणाने विचारलं. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत बिघाड शोधताना ती असंच विचारत असे.

"पेट्रोल भरलं. पाणी भरलं. आईचा चहा झाला. आणि त्या माणसाने हात लावला. सरळ आहे ना? चल, तो यायच्या आत निघू."

तेवढ्यात तो आलाच. हिरवी पिकअप त्यांच्या ट्रेलरला चिकटून उभी राहिली आणि टोपीवाला म्हातारा उतरला. त्याच्या काखेत काहीतरी चपटं होतं.

"गिरीश, आत ये आणि काच वर कर," सासूबाई आतून म्हणाल्या. "हातात काय आहे त्याच्या?"

न्हाणीघरात ठेवतात तसला वजनकाटा होता.

म्हातारा भराभरा बोलत होता. सकाळपासून तुमच्या मागे आहे, दिवे दाखवतोय, तुम्ही पळताय. ट्रेलर नाक वर करून चाललाय. आधी वजन करा, मग उतरा.

"अगदी काटा घेऊन फिरतो म्हणे," गिरीश मराठीत पुटपुटला. "काट्यातच खोट असेल."

वीणाने काटा त्याच्या हातून घेतला, डांबरावर ठेवला आणि चपला काढून त्यावर उभी राहिली.

"अगं, आत्ता वजन करायची वेळ आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

"एकशे आठ पौंड," वीणा म्हणाली. "मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे एवढंच होतं. काटा खरा आहे."

म्हाताऱ्याने चाकांना दगड लावले, कडी सोडवली आणि ट्रेलरचा दांडा हळूहळू काट्यावर उतरवला. वीणा खाली वाकली.

अकरा पौंड.

निदान शंभर हवेत, म्हातारा म्हणाला. मग ट्रेलरच्या शेवटच्या टोकाला, तीनचाकीच्याही मागे, ताडपत्रीखाली बांधलेल्या ढिगाकडे त्याने बोट केलं. तिथे काय आहे?

"फूड," गिरीश म्हणाला. "अँड वॉटर."

ते कॅम्परमध्ये का नाही? आत कपाटं आहेत, पाण्याची टाकी आहे.

गिरीश आकाशाकडे बघायला लागला.

"काय विचारतोय तो?" सासूबाई खाली उतरल्या होत्या.

"काही नाही, आई."

"आई, तो म्हणतोय की मागे भार जास्त झालाय," वीणा म्हणाली. "त्यामुळे पुढून दांडा उचलला जातो. ट्रेलर ट्रकवर नीट टेकतच नाही, म्हणून डोलतो."

"म्हणजे गाडी उलाळ झालीय, असंच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मागे पोती जास्त झाली की बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. एवढ्यासाठी काटा कशाला लागतो याला?"

आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

मित्राच्या कपाटांत त्या लोकांनी काय काय ठेवलं असेल कोण जाणे, माझा तांदूळ तिथे जायचा नाही, हे डब्लिनला त्यांनीच सांगितलं होतं. टाकीतलं पाणीही नको म्हणाल्या होत्या. सकाळी पंपावर पाच-पाच गॅलनचे चार कॅन भरून घेतले ते त्यांच्याच शब्दावर. तीनचाकीसाठी घेतलेल्या पेट्रोलच्या डब्यापासून लांब म्हणून अगदी टोकाला बांधले तेही त्यांनीच सांगितलं म्हणून.

म्हातारा टोपी काढून घाम पुसत होता.

सासूबाई कॅम्परच्या पायऱ्या चढल्या. वीणाला कपाट उघडल्याचा आवाज आला. ती दारापाशी गेली. आत मिरपुडीची एक डबी आणि पावाचे चुरे होते. सासूबाईंनी पिशवीतून पूजेचं धुतलेलं पातळ काढलं आणि फळीवर अंथरलं.

"बघतेस काय? तांदळाचा डबा दे," त्या म्हणाल्या. "आणि त्याला विचार, चहा घेणार का."

डबे, कुकर, शेगडी आणि चारही कॅन आत जायला नऊ फेऱ्या लागल्या. दोन फेऱ्या म्हाताऱ्याने केल्या. तो पिठाचा डबा घेऊन आला तेव्हा सासूबाईंनी तो त्याच्या हातून घेतला आणि पातळावर ठेवला.

मग त्याने दांडा पुन्हा काट्यावर उतरवला. काटा थरथरला आणि थांबला.

एकशे एकतीस पौंड.