पाऊण तासाची मुंबई

दुपारी बारावीचा शेवटचा पेपर देऊन दीपमाला गेवराईच्या कॉलेजातून धावतच बाहेर आली. त्याच रात्री मुंबईत राज्य कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि बाकीचा संघ आधीच पोचला होता. गावातल्या व्यापाऱ्यांनी हौसेनं तिचं आणि खेळाच्या शिवांजलीबाईंचं औरंगाबादहून नव्या खासगी विमान कंपनीचं तिकीट काढलं होतं. जीप सुसाट निघाली. विमानात पट्टा आवळून दीपमालानं विचारलं, "बाई, मुंबईला किती येळ लागंल?" "पाऊण तास," बाई म्हणाल्या. "अवो, आमची एसटी उमापूरहून गेवराईला बी तेवढ्यात पोचत न्हाई!" चहा संपेपर्यंत खाली मुंबईचे दिवे दिसले. ती मैदानावर पोचली तेव्हा सहाजणी तिचीच वाट बघत होत्या. कर्णधारानं धावत येऊन मिठी मारली. "विमानात भ्या वाटलं का गं?" "भ्यायला येळच कुठं मिळाला!" म्हणत दीपमाला पहिल्या चढाईला निघाली.